आत्याला लावलेला फोन अतुलला का लागतो?

या अंकात एकाच विषयावरील पत्रे एकत्र घेतली आहेत. कपाटात पडून राहिलेले बटणांचे जुने स्मार्टफोन घरातील वडीलधाऱ्यांसाठी पुन्हा बाहेर निघत आहेत आणि त्यांतील व्हॉइस डायलिंगची, म्हणजे नाव उच्चारून फोन लावण्याची सोय अनेकांना हवी आहे, असे या पत्रांवरून दिसते. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बहुतेकांच्या अडचणीचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना टचस्क्रीनवरील अक्षरे दिसत नाहीत, बटणे मात्र बोटांना कळतात, म्हणून मी २००९ साली घेतलेला नोकिया ई-७१ त्यांना दिला. बाजूची कळ दाबून नाव उच्चारले की फोन लागतो, हे त्यांना फार आवडले. परंतु ‘आत्या’ म्हटले की फोन माझा चुलतभाऊ अतुल याला लागतो, ‘डॉक्टर माने’ हे नाव फोनला कधीच सापडत नाही, आणि बैठकीत कूलर सुरू असला की तो काहीच ओळखत नाही. फोन जुना झाल्यामुळे असे होते का, की वडिलांच्या उच्चारात काही दोष आहे? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांच्या उच्चारात दोष नाही आणि फोनही बिघडलेला नाही. अडचण आपण नावे ज्या स्पेलिंगने साठवली आहेत त्या स्पेलिंगमध्ये आहे.

हे समजण्यासाठी फोन आत नेमके काय करतो ते पाहावे लागेल. ई-७१ हा २००८ सालचा फोन. त्याच्या पिढीतील नोकियाच्या फोनमध्ये नावे आधी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागत नाहीत. यादीतील प्रत्येक नावाचे स्पेलिंग फोन स्वतःच वाचतो, त्या अक्षरांवरून उच्चार कसा होईल याचा अंदाज बांधतो आणि त्या उच्चाराचा एक आराखडा मनाशी धरून बसतो. आपण बोललो की आपला आवाज या सगळ्या आराखड्यांशी ताडून पाहिला जातो आणि जो सर्वांत जवळचा वाटेल तो निवडला जातो. हे सारे फोनच्या आतच घडते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही ही सोय जशीच्या तशी चालते ती त्यामुळेच. मात्र स्पेलिंगवरून उच्चार काढण्याचे नियम फोनच्या निवडलेल्या भाषेचे असतात. फोन इंग्रजीत असेल तर तो मराठी नावे एखाद्या साहेबाने वाचावीत तशी वाचतो.

आता ‘माने’ घ्या. आपण लिहिणार एम, ए, एन, ई. इंग्रजीच्या रीतीने शेवटचा ई मुका असतो आणि तो आधीच्या ए-चा ‘एऽ’ करतो, म्हणून फोनच्या दृष्टीने हे डॉक्टर ‘मेन’ आहेत. आपले वडील स्वच्छ ‘माने’ म्हणतात आणि फोन यादीत ‘मेन’ घेऊन बसलेला असतो. मग भेट व्हायची कशी? एकारान्त मराठी आडनावांची या फोनांत सरसकट हीच गत होते. दाते यांचे ‘डेट’ होते, साने यांचे ‘सेन’, काळे यांचे ‘केल’, तर मोरे आणि गोरे शेवटचा एकार गमावून ‘मोर’ आणि ‘गोर’ होतात. ‘आत्या’चेही तसेच आहे. ए, टी, वाय, ए असे लिहिले असेल तर सुरुवातीचा ए फोन ‘ॲ’ असा वाचण्याचा संभव मोठा. ‘अतुल’ची सुरुवातही त्याच ए आणि टी या अक्षरांनी होते. शब्द आखूड, सुरुवात सारखी, आणि उरलेला आराखडा मूळ उच्चारापासून दूर, अशा वेळी फोन चुकला तर त्याला फारसा बोल लावता येत नाही.

सुदैवाने फोनच्या मनात काय आहे ते ऐकता येते. संपर्कयादीत ते नाव उघडावे, ऑप्शन्समध्ये ‘व्हॉइस टॅग डिटेल्स’ निवडावे आणि तो टॅग वाजवून ऐकावा. फोन आपल्या यांत्रिक आवाजात ते नाव उच्चारून दाखवतो. माझ्या टेबलावर याच जातीचा एक फोन आहे. त्यात माझ्या मावशीचे नाव मी अनेक वर्षे चुकीच्या स्पेलिंगने ठेवले होते आणि तो ज्या थाटात ते उच्चारत असे ते ऐकून घरातली मुले लोटपोट होत असत. स्पेलिंग दुरुस्त केल्यावर फोन सुधारला, पण करमणूक गेली. आपणही वडिलांजवळ बसून एकेक नाव असे वाजवून पाहा. जे नाव कानाला मराठी वाटणार नाही त्याचे स्पेलिंग बदला आणि पुन्हा ऐका. हे स्पेलिंग माणसांसाठी नसून फोनसाठी आहे, त्यामुळे ते दिसायला विचित्र झाले तरी काही बिघडत नाही. ‘माने’साठी एम-नंतर दोन ए, मग एन आणि शेवटी ए, वाय असे लिहून पाहावे; दाते, साने, काळे यांनाही हीच मात्रा लागू पडते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डी, एन, वाय अशा सुरुवातीने लिहिले की फोन अडखळतो, तिथे डी गाळून एन, वाय-ने सुरुवात करावी. नाव देवनागरीत साठवले असेल तर इंग्रजीत चालणाऱ्या फोनला त्यावरून उच्चार बांधता येत नाही, म्हणून ही निवडक नावे रोमन लिपीतच ठेवावीत.

दुसरी गोष्ट नावांच्या लांबीची. आपल्याकडे नाती आखूड असतात: आई, बाबा, काका, काकू, मामा, मामी. यंत्राला यांत फरक करणे फार कठीण जाते. काका आणि काकू यांच्यात शेवटच्या एका स्वराचे अंतर आहे, आणि तोच स्वर म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात विरतो. त्यावर उपाय आपल्या बोलण्यातच आहे. विदर्भातील घरांत ‘वर्ध्याची आत्या’, ‘अमरावतीचे मामा’, ‘महालातले काका’ असे गावा-वस्तीने म्हणण्याची पद्धत आहेच. तेच दोन शब्द, वडील ज्या क्रमाने आणि ज्या रूपात म्हणतात त्याच रूपात, नाव म्हणून साठवावेत. ‘वर्धा आत्या’ असे नाव साठवायचे आणि वडिलांनी ‘वर्ध्याची आत्या’ म्हणायचे, असे मात्र करू नये. त्यांच्या तोंडी जे सहज येते ते आधी ऐकून घ्या आणि फोनला त्याप्रमाणे वळवा; ७९ व्या वर्षी माणसाला वळवण्यापेक्षा ते सोपे आहे.

यादीही छाटावी. आपल्या जुन्या फोनमध्ये चारपाचशे नावे असतील आणि त्यांत वडिलांच्या कामाची पंधरा-वीस. फोनला जितक्या नावांतून निवड करावी लागते तितकी चूक होण्याची शक्यता वाढते, म्हणून नको असलेली नावे दुसरीकडे जपून ठेवून या फोनमधून काढून टाकावीत. ठेवायची नावे सिमकार्डावर असतील तर ती फोनच्या मेमरीत उतरवून घ्यावीत. सिमवर नावाला मोजकीच अक्षरे मिळतात आणि ‘अमरावतीचे मामा’ तिथे अर्ध्यावर तुटतात. एका माणसाचे दोन-तीन क्रमांक असतील तर त्यातला एक ‘डीफॉल्ट’ म्हणून ठरवून द्यावा, म्हणजे फोन दर वेळी तोच लावील. घरगुती दूरध्वनीचे सात आकडी क्रमांक पूर्वी आपण नुसतेच लिहीत असू. मोबाइलवरून लावायचे तर त्यांच्या आधी ०७१२ हवे, नाहीतर नाव बरोबर ओळखूनही फोन लागणार नाही आणि दोष पुन्हा वडिलांच्या उच्चाराला मिळेल.

हा फोन इतकी वर्षे आपल्या हातात होता, हेही विसरून चालणार नाही. तो वापरणाऱ्याच्या आवाजाशी हळूहळू जुळवून घेत जातो, आणि आतापर्यंत त्याने आपल्या आवाजाशी जुळवून घेतलेले आहे. व्हॉइस कमांड्सच्या सेटिंग्जमध्ये ही शिकवण पुसून टाकण्याची सोय असते. फोनचा मालक बदलला की ती वापरावी, असेच कंपनीच्या पुस्तिकेतही सांगितलेले असते. ती एकदा पुसावी आणि पुढचे दोन-तीन आठवडे फोन फक्त वडिलांनीच वापरावा. मध्येच नातवंडांनी गंमत म्हणून नावे पुकारू नयेत.

आता कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा नागपुरात कोणाला कूलर बंद करा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कारण समजून घ्यावे. आपले बोलणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे फोन आजूबाजूच्या शांततेवरून ठरवतो. डेझर्ट कूलरच्या पंख्याची घरघर अखंड चालू असली की ती शांतता त्याला मिळतच नाही, आणि त्या घरघरीत मृदू व्यंजने बुडून जातात. वडिलांची खुर्ची कूलरच्या झोतात असेल तर त्यांनी झोताकडे पाठ करून फोन समोर धरावा. वारा थेट मायक्रोफोनवर आदळणे हे आवाजापेक्षाही वाईट. व्हॉइस डायलिंगच्या वेळी फोनचा लाऊडस्पीकर चालू असतो, त्यामुळे फोन कानाला लावायचा नसतो, तोंडापासून थोड्या अंतरावर धरायचा असतो. वडीलधारी माणसे सवयीने तो कानाला लावतात आणि मायक्रोफोन गालाखाली दडतो.

एक शेवटची गोष्ट, जी मी आमच्याच घरात पाहिली आहे. कळ दाबून धरल्यावर एक बारीक ‘टूं’ असा आवाज येतो आणि त्यानंतरच फोन ऐकू लागतो. आमच्या घरातील एक आजोबा कळ दाबताक्षणी बोलत. त्यामुळे ‘वर्ध्याची आत्या’ यातील ‘वर्ध्या’ हवेत जाई आणि फोनपर्यंत ‘ची आत्या’ एवढेच पोहोचे. शिवाय ते ‘जरा वर्ध्याच्या आत्याला लाव बरं’ असे माणसाशी बोलावे तसे फोनशी बोलत. फोनला फक्त नाव हवे असते, विनंती नव्हे. ‘टूं ऐकू आले की मनात एक म्हणा आणि मग नाव घ्या’ एवढे सांगितल्यावर त्यांचे निम्मे काम झाले. नाव ओळखले की फोन ते स्वतः उच्चारतो आणि दोन-तीन सेकंद थांबून क्रमांक लावतो. वडिलांना पडदा दिसत नसला तरी हा उच्चार ऐकू येतो. तो चुकीचा वाटला तर लगेच लाल कळ दाबायला त्यांना शिकवा, म्हणजे अतुलला रोज दुपारी झोपेतून उठावे लागणार नाही.

मात्र अडीअडचणीच्या वेळी या सोयीवर विसंबू नये. घाबरलेल्या माणसाचा आवाज बदलतो आणि फोन तो ओळखीलच असे नाही. आपला आणि डॉक्टरांचा क्रमांक स्पीड डायलवर एकेका बटणाला जोडून ठेवावा, त्या बटणांवर नेलपॉलिशचा जाडसर ठिपका द्यावा, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक हाताने लावण्याचा सराव करून घ्यावा.

प्रश्न : माझ्याजवळ नोकिया ६६०० अजून चालू आहे. त्यात पत्नीने ‘घर’ आणि ‘दुकान’ असे म्हणून क्रमांक बसवले आहेत. तिने म्हटले की बिनचूक लागतात, मी म्हटले की लागत नाहीत. असे का? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : हा २००३ सालचा फोन पहिल्या पत्रातील फोनच्या आधीच्या पिढीतला आहे आणि त्याची रीत निराळी आहे. तो स्पेलिंग वाचत नाही. आपल्या पत्नीने जे म्हटले त्याचा ठसा त्याने जपून ठेवला आहे आणि पुढे ऐकलेला प्रत्येक आवाज तो त्या ठशाशी जुळवून पाहतो. ही जुळवाजुळव करण्याची प्रसिद्ध पद्धत साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांनी १९७८ साली मांडली. एकच शब्द माणूस कधी भरभर म्हणतो, कधी सावकाश. त्या दोन्ही उच्चारांना वेळेच्या अंगाने हवे तसे ताणून किंवा दाबून एकमेकांवर बसवायचे आणि किती अंतर उरते ते मोजायचे, अशी ती कल्पना आहे. वेगातला फरक तिला सोसतो, पण आवाजाची जात बदलली की ठसा जुळत नाही. आपला आवाज आपल्या पत्नीच्या आवाजासारखा नाही, इतकाच याचा अर्थ.

या रीतीचा एक मोठा फायदा असा की तिला कोणतीच भाषा येत नाही, त्यामुळे मराठी, वऱ्हाडी, हलबी, काहीही चालते. ‘घर’ हा शब्द मात्र फार आखूड आहे. पत्नीला तो पावला हे तिचे भाग्य. आपण त्याच क्रमांकांची नोंद आपल्यासाठी वेगळ्या नावाने करावी, फोनच्या मेमरीत साठवावी आणि ‘महालातलं घर’ असा लांब टॅग स्वतःच्या आवाजात बसवावा. जिथून रोज फोन लावता तिथेच, नेहमीच्या आवाजात तो म्हणावा. सर्दी झालेली असताना टॅग बसवू नये, नाहीतर पुढे दर वेळी सर्दी आणावी लागेल.

प्रश्न : माझे इतवारीत ठोक किराणा दुकान आहे. दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून ब्लूटूथ हेडसेटचे बटण दाबून नाव पुकारतो. फोन तोंडासमोर धरून म्हटलेले नाव लागते, हेडसेटवरून तेच नाव चुकते. हेडसेट बदलू का? — एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : बदलून फारसा फरक पडणार नाही. त्या काळातील ब्लूटूथ हेडसेट आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही फोनपर्यंत पोहोचत नाही. ‘स’ या व्यंजनाचा जोर नेमका त्याच वरच्या पट्टीत असतो, म्हणून हेडसेटवरून ‘स’ आणि ‘फ’ यांच्यात घोटाळा होतो. साध्या फोनवर एखाद्याला नाव सांगताना ‘स सशाचा’ असे आपण म्हणतो, ते याच कारणाने. इतवारीतील हमालांची हाकाटी आणि हातगाड्यांचा खडखडाट यांची त्यात भर पडते. व्यापाऱ्यांची नावे ‘सेठ’ने संपत असतील तर तो शब्द काढून टाकावा, कारण सगळ्यांना सारखी असलेली शेपटी ओळखीला मदत करत नाही, त्याऐवजी मालाचे नाव जोडावे. ‘तूरडाळ गोंदिया’ आणि ‘मिरची भिवापूर’ यांत कोणताही फोन गोंधळणार नाही.

आपण पत्राच्या शेवटी स्कूटरवरून जातानाही असेच करतो असे लिहिले आहे. ते करू नये. नाव चुकले की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो, आणि वाहन चालवताना फोन हातात धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड १,००० ते ५,००० रुपये आहे, पहिल्या गुन्ह्यालाही कैद होऊ शकते.

प्रश्न : घरात ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० पडून आहे. आईसाठी त्यातील व्हॉइस डायलिंग वापरता येईल का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : या फोनमध्ये सोय चांगली होती, किंबहुना जास्तच तत्पर होती. डाव्या बाजूची कळ खिशात दाबली गेली की ‘से अ कमांड’ असा बाईचा आवाज भर सभेत उठत असे, आणि त्यामुळे कित्येकांनी ती कळ निकामी करून ठेवली होती. परंतु ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ पासून आपल्या जुन्या प्रणालींच्या सेवा बंद केल्या आणि त्यानंतर या फोनवर साधे कॉलही खात्रीने चालतील असे नाही, हे कंपनीनेच सांगितले आहे. आईच्या हाती असा फोन देऊ नये. दुसरा जुना फोन शोधत असाल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही, कारण ते जाळे ४जीपासूनच सुरू होते. २जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम घ्यावे आणि नॅनो सिमला मोठ्या आकाराची चौकट जोडून घ्यावी.

प्रश्न : आयफोन ३जीएस कुलूपबंद असतानाही माझ्या मुलाने नुसते बोलून त्याच्या मामाला फोन लावला. हे कसे झाले, आणि बंद कसे करावे? — एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : २००९ सालच्या या फोनमध्ये सिरी नाही, ती २०११ साली ४एसबरोबर आली. यात तिच्या आधीची व्हॉइस कंट्रोल ही सोय आहे. होम बटण दाबून धरले आणि ‘कॉल’ म्हणून नाव घेतले की ती इंटरनेटशिवाय क्रमांक लावते, आणि पासकोड घातलेला असला तरी मूळ मांडणीत ती उघडीच राहते. सेटिंग्ज, मग जनरल, मग पासकोड लॉक येथे जावे. तिथे ‘व्हॉइस डायल’ नावाची एक कळ दिसेल, ती बंद करावी.